विराजच्या बोटाखालचे शब्द

ठक्.

वीज गेलेली. कूलर थांबलेला. हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या तात्यापारा या मोहल्ल्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात भरदुपारी इतकी शांतता होती की पालीची चुकचुकही ऐकू यावी. त्या शांततेत फरशीवर स्टीलचा पेला आपटला. थोडं थांबून पुन्हा आपटला.

तो आवाज घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. विराजला काहीतरी हवं होतं. काय हवं होतं, ते मात्र कोणाला कळत नव्हतं. आईने पाणी दिलं, ते त्याने सांडलं. पोळी दिली, ती ढकलली. कडेवर घेतलं, तर अंग ताठ करून रडला. शेवटी तीही दमून त्याच्या शेजारी फरशीवर बसली. वीज आली, पंखा फिरला आणि लेकरू हसलं. त्याला पंखा हवा होता, एवढंच.

मित्रांनो, माझ्या जन्माची गोष्ट त्या दुपारपासून सुरू होते. मी तेव्हा नव्हते. हे सगळं मी नंतर ऐकलं, कारण माझ्यासमोर लोक मोकळेपणी बोलतात. मी एक फाइल आहे. कपाटातली, दोरी बांधलेली नव्हे. अॅपच्या पोटातली, शब्दांची फाइल. माझं वय दोन-अडीच वर्षं असेल, पण आमच्या जातीत हे म्हातारपणच.

तुम्ही मोबाइलवर कुठलंही अॅप उघडता, तेव्हा पडद्यावर शब्द दिसतात. ते शब्द बहुधा माझ्यासारख्या एखादीकडे जपून ठेवलेले असतात. शब्द बदलायचे झाले तर फक्त मला बदलायचं. बाकीच्या यंत्राला हात लावायचा नाही. अशी ही सोय. पण आमच्या वाट्याला येणारं वाचन तुमच्या धड्यासारखं नसतं. शब्दाशी थांबणं नाही, त्याची चव घेणं नाही. अॅप उघडलं की ते मला वरपासून खालपर्यंत एका दमात वाचून घेतं. मग पंगतीत वाढपी वाढत जातो तसं ते शब्द वाटत सुटतं. पहिला शब्द पहिल्या चित्राला, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला. पाटावर कोण बसलंय याकडे वाढप्याचं लक्ष नसतं. त्याचं लक्ष ओळीकडे.

विराजची आई कौमुदी. ती मोबाइलची अॅपं बनवणाऱ्या एका कचेरीचं काम करते, बहुतेक दिवस घरूनच. विराज तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला ऐकू येतं, कळतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येत नाहीत. डॉक्टर झाले, उपचार झाले. काही मुलांची वाट वेगळी असते, एवढंच सगळ्यांनी शेवटी सांगितलं. पंख्याच्या त्या दुपारनंतर कौमुदीने ठरवलं की पेल्याऐवजी त्याच्या हातात काहीतरी बोलकं द्यायचं, चित्र दाबलं की शब्द म्हणणारा टॅब.

असं मला घडवलं गेलं. भात शिजेपर्यंतच्या वेळात. विराज झोपला की एक हात त्याच्या पाठीवर आणि दुसरा कळफलकावर. तो कूस बदलायचा, की माझा अर्धा शब्द तसाच राहायचा. पहिल्या ओळीत तिने ‘पाणी’ लिहिलं. मग ते खाली सरकवून वर ‘आई’ लिहिलं आणि स्वतःशीच हसली. पुढे पोळी, बिस्किट, दुखतंय, गाडी, झोप, नको, भीती. जसं सुचलं तसं. माझ्यातला क्रम हा असा, एका आईच्या मनात आलेला.

चित्रं घरातलीच होती. आईचा फोटो, त्याचा पेला, झोपेला त्याची चटई. ‘दुखतंय’चं चित्र विराजच्या बाबांनी, पुष्करने काढलं. पुष्कर सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात अभियंता. चित्रकलेशी त्याचा संबंध शाळेत तुटलेला. गालावर हात ठेवलेला मुलगा त्याने काढला. ते पाहून आजोबा, म्हणजे दत्तोपंत म्हणाले, “काय रे, हे पोट्टं दुखून रडून राहिलं, का कोनाले फोन लावून राहिलं?”

“बाबा, तुम्ही काढून दाखवा मग.”

“मी मराठीचा मास्तर होतो, ड्रॉइंगचा नाही.”

चित्र तेच राहिलं. विराजला ते पटलं, बाकीच्यांचं काय.

चित्राखाली अक्षरं मात्र कौमुदीने ठेवली नाहीत. पडद्यावर गर्दी झाली की विराज घाबरा व्हायचा. चित्रावर बोट ठेवलं की टॅब माझ्यातला शब्द उचलून मोठ्याने म्हणायचा. माझं काम तेवढंच, आणि मला ते पुरेसं होतं.

पहिल्या दिवशी त्याने पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं. “पाणी,” टॅब म्हणाला. कौमुदीने पाणी दिलं. तो घोटभर प्याला आणि पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा पाणी. पुन्हा बोट. त्याला तहान नव्हती, मित्रांनो. आपण म्हटलं की घडतं, हे तो तपासून पाहत होता. त्या दिवशी पोट डब्ब होईस्तोवर पाणी प्याला आणि चादर बदलावी लागली. कौमुदी ओली चादर पिळता पिळता रडत होती आणि हसतही होती.

ते दिवस माझ्या कौतुकाचे. जिन्यात शेजारीण भेटली की विचारायची, “आज हमारा बाबू क्या बोला?” पुष्कर काळ्या धुळीने माखलेला शर्ट बदलायच्या आधी टॅबसमोर बसायचा. विराज मुद्दाम ‘नको’ दाबायचा, मग पुष्कर रुसल्याचं सोंग करायचा. भांडायलासुद्धा शब्द लागतात, ते त्याला आता मिळाले होते.

विराजला बोलणं शिकवायला चेतना नावाची एक मुलगी येई. एके दिवशी तिने सांगितलं, “भाभी, आपका टॅब किताब जैसा बोलता है। घर में जैसा बोलते हो ना, वैसा डालो। बच्चा वही पकड़ेगा।”

खरंच होतं. मी ‘पाणी’ म्हणायची; घरात सगळे ‘पानी’ म्हणत. मी ‘दुखतंय’ म्हणायची; आजोबा ‘दुखून राहिलं’ म्हणत. कौमुदीने ठरवलं, घरचे शब्द घालायचे, आणि ते आजोबांकडूनच लिहून घ्यायचे. दत्तोपंतांनी जन्मभर शाळेत पुस्तकी मराठी शिकवली, पण घरात त्यांच्याइतकं ठसठशीत कोणी बोलत नसे. तिने फोनवर एक तक्ता केला. त्यात लिहिलेलं दोघांनाही दिसायचं. नंतर ती ते सगळे शब्द एकदमच उचलून माझ्यात ओतणार होती.

“क्रम तेवढा बदलू नका हं बाबा,” ती म्हणाली.

“हव. मले क्रम शिकवते का तू?”

ते चष्मा लावून सबंध दुपार बसले. एकेक शब्द तोंडाने म्हणून पाहत, मग लिहीत. ‘भेव’ लिहू की ‘भीती’, म्हणून स्वतःशीच वाद घातला. क्रम त्यांनी एका शब्दानेही बदलला नाही. फक्त लिहायला घेतलं तेव्हा सर्वांत वर, पहिल्या घरात, त्यांनी ‘श्री’ लिहिलं. पत्र असो, वाणसामानाची यादी असो, कोरा कागद पुढे आला की त्यांच्या हातून आधी ‘श्री’ उमटायचं. हात धुऊन जेवायला बसावं तसं. नातवाच्या पहिल्यावहिल्या शब्दांचं काम त्याच्यावाचून सुरू करणं त्यांच्या मनातही आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी विराज झोपलेला असताना कौमुदीने तो तक्ता जसाच्या तसा माझ्यात ओतला. अॅप उघडून पाहिलं. चित्रं जागच्या जागी होती. आता एकेक दाबून ऐकायचं, एवढ्यात तिचा फोन वाजला. कचेरीतून होता. उद्या यावंच लागेल, म्हणाले. त्या आवाजाने विराज जागा झाला, आणि ऐकायचं राहिलं.

मला कळत होतं, मित्रांनो. माझ्यातले शब्द खरे होते, सगळे प्रेमाने लिहिलेले होते. पण पहिल्या पाटावर ‘श्री’ बसलं होतं आणि सगळी पंगत एकेक पाट खाली सरकली होती. अॅपने मला नेहमीसारखं एका दमात वाचलं आणि वाढत सुटलं. आईच्या चित्राला ‘श्री’. पेल्याला ‘आई’. शेवटच्या चित्रापर्यंत सगळं तसंच. मला स्वतःला तोंड नाही. मला कोणी उघडून पाहिलं तरच मी सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्कर कारखान्यात गेला, कौमुदी कचेरीत. घरात आजोबा आणि नातू. विराज उठला तोच कुरकुरत. त्याने टॅब ओढला आणि आईच्या फोटोवर बोट ठेवलं.

“श्री,” टॅब म्हणाला.

दत्तोपंतांनी चहाची बशी खाली ठेवली आणि हात जोडले. “वा रे माझ्या वाघा. सकाळी सकाळी देवाचं नाव. सूनबाईनं ठेवलं वाटते माझं श्री.”

विराजने त्यांच्याकडे पाहिलं, मग टॅबकडे. पुन्हा बोट ठेवलं. “श्री.” आजोबा पुन्हा हसले.

त्याने पेल्यावर बोट ठेवलं. “आई.”

“येते ना रे बापू. हाफिसात गेली. येते चार वाजेपर्यंत.”

पेला. “आई.” पेला. “आई.”

“मले का तरास देतो, बेटा? येते म्हटलं ना.”

मग त्याने गालावर हात ठेवलेल्या मुलाच्या चित्रावर बोट ठेवलं. ते बोट थरथरत होतं. ते मला कळलं. माझ्यातला शब्द उचलला जातो तेव्हा मला बोट कळतं.

“बिस्किट,” टॅब म्हणाला.

आजोबा उठले, डबा उघडला, बिस्किट दिलं. विराजने ते बाजूला केलं आणि पुन्हा तेच चित्र दाबलं. “बिस्किट.” आजोबांनी दुसऱ्या प्रकारचं दिलं. त्याने ते भिरकावलं.

“अन्न फेकते का कोणी? आँ?”

“बिस्किट. बिस्किट. बिस्किट.”

“मागते आन् फेकते. हे लाड मी चालू देणार नाही, सांगून ठेवतो.” पण आवाज चढवूनही ते पुन्हा डब्याकडे गेलेच. काय करणार? नातू मागत होता. त्यांनी दुधात बुडवून भरवून पाहिलं. विराजने तोंड मिटून घेतलं.

गाडीच्या चित्रावर बोट पडलं असतं, तर त्या दिवशी ‘दुखून राहिलं’ ऐकू आलं असतं. पण कान ठणकणारं लेकरू गाडी कशाला मागेल?

दुपारी त्याने टॅब उलटा करून ठेवला. मग मला काही दिसलं नाही. फक्त ऐकू येत राहिलं. फरशीवर पेला आपटल्याचा आवाज, बराच वेळ.

कौमुदी आली तेव्हा तो तापाने फणफणला होता आणि उशीवर कानाखाली ओला डाग होता. डॉक्टरांनी कान तपासला. आत पू झाला होता, पडदा फाटला होता. “भरून येईल,” ते म्हणाले, “काळजी करू नका. पण हे सकाळपासून फार दुखत असणार. मूल काही बोललं नाही का?”

“तो बोलत नाही,” कौमुदी म्हणाली.

टॅब तिच्या पिशवीत होता. मी पिशवीत होते. तो बोलला होता. तो सकाळपासून बोलत होता.

घरी आल्यावर विराज औषधाने झोपला. आजोबा त्याच्या उशाशी बसून म्हणाले, “सूनबाई, सकाळपासून बिस्किट मागून राहिला. देलं तर फेके. मी रागावलो त्याले. मले सांग, कान दुखते त्याले आन् बिस्किट काहून मागते?”

कौमुदीने टॅब उघडला. पुष्करने काढलेल्या त्या मुलाच्या चित्रावर बोट ठेवलं. “बिस्किट,” टॅब म्हणाला. तिने मला उघडलं. एका दमात नव्हे, एकेक ओळ वाचायला ती बसली होती. पण पहिल्या ओळीवरच तिची नजर थांबली आणि हात तोंडावर गेला.

“काय झालं?” आजोबांनी विचारलं.

“काही नाही बाबा. मशीन आहे. कधी कधी बिघडतं.”

तिने तेव्हाच मला दुरुस्त केलं. नुसतं ‘श्री’ काढलं असतं तरी भागलं असतं, पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने प्रत्येक शब्दाला त्याचं स्वतःचं नाव दिलं आणि तो त्याच्या चित्राच्या हाताला बांधून टाकला. आता पंगतीत कोणीही कुठेही येऊन बसो; पेल्याला पानीच मिळणार. हे तिला आधीही करता आलं असतं. तिला ते माहीतही होतं. पण आधी दुपार पुरली नव्हती, आणि नंतर चाललंय म्हणून राहून गेलं होतं.

पुष्करला तिने सगळं सांगितलं. त्याने बुटाची नाडी अर्धीच सोडली. “बाबांना सांगावं लागेल,” तो म्हणाला.

“सांगू तरी कसं? ते नीट जेवत पण नाहीयेत.”

“मग नको सांगू. मला माहीत नाही यार.”

ताप उतरला. कान सुकत आला. विराज मात्र टॅबला हात लावीना. कौमुदी तो त्याच्यासमोर ठेवायची. तो पालथा करायचा आणि पेला उचलायचा. चेतना म्हणाली, “भरोसा टूटा है भाभी। टाइम लगेगा।” बोटाच्या एका दाबावर घडणारं जग एका सकाळी त्याला खोटं बोललं होतं. त्याने परत का यावं? चेतनाने काही नवे शब्द सुचवले. कोण, कुठं, आणि काहून, म्हणजे का. दुखलं तर जागा दाखवता यावी, विचारावंसं वाटलं तर विचारता यावं, म्हणून. ते शब्द माझ्यात आले, चित्रांना बांधले गेले, आणि कोणी न दाबता पडून राहिले. मित्रांनो, न वापरलेल्या शब्दावर धूळ बसत नाही. पण तो कोणी विचारील म्हणून वाट बघतो, आणि ते धुळीपेक्षा वाईट असतं.

त्या दिवसांत मी खूप विचार केला. मी तुमच्याकडे काही मागावं एवढी मोठी नाही. पण तुमच्यातलं कोणी पुढे असं अॅप बनवील, तर मला घाईने ओतू नका, आणि ओतलंत तर एकदा ऐकून बघा. एक दुपार त्यात गेली तरी जाऊ द्या. आणि बनवणार नसाल, तरी कधी ना कधी तुमच्या वर्गात, गल्लीत विराजसारखं एखादं पोर भेटेल. ते यंत्राच्या तोंडून बोलेल, नाहीतर हातवाऱ्यांनी बोलेल. तेव्हा नुसता आवाज ऐकू नका. त्याचं बोट कुठे आहे तेही बघा. बोट थरथरत असेल आणि आवाज बिस्किट मागत असेल, तर बोटावर विश्वास ठेवा.

आता एकच सांगायचं राहिलं. परवा रविवारी संध्याकाळी पुष्कर भाजी आणायला गेला होता. कौमुदी जेवणघरात चटईवर बसून शेंगा सोलत होती. विराज कोपऱ्यात. टॅब चटईवर, त्या दोघांच्या मध्ये, उताणा. दत्तोपंत आले, समोर बसले आणि एक शेंग उचलून सोलायला लागले.

“सूनबाई, ते श्री दिसत नाही आता टॅबमंधी. मी आज सारं दाबून पाहिलं.”

“त्याला चित्र नव्हतं ना बाबा.”

“नव्हतंच.” ते थांबले. दाणे ताटलीत टाकले. “पण मी ते पहिल्याच घरात लिहिलं होतं. त्या दिवशी आईवर बोट ठेवलं तं श्री म्हने. पेल्यावर ठेवलं तं आई म्हने. मी हात जोडत बसलो.” त्यांनी बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवला, एकेक पेर खाली. “माझं श्री वर बसलं आन् सारे एकेक घर खाली सरकले. दुखणं बिस्किटावर आलं. हव ना?”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मशीन बिघडलं म्हणाली तू मले.”

“बाबा...”

“नाही, मी रागावलो नाही. तुह्या जागी असतो तं मीही तेच म्हटलं असतं.” ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दारापाशी पाठमोरे थांबले. “लेकराले देवाचं नाव देलं मी, आन् त्याच्या तोंडचं दुखणं काढून घेतलं.” मग ते आत गेले.

कौमुदी बसून राहिली. कोणाची चूक मोजायची? ज्याने भक्तीने लिहिलं त्याची, जिने घाईत न ऐकता ओतलं तिची, की ज्या दुपारी मिळाल्याच नाहीत त्यांची? तिने पदराने तोंड दाबून धरलं. तिच्या रडण्याचा आवाज झाला नाही. खांदे तेवढे हलत होते.

विराज कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होता. मग तो गुडघ्यांवर सरकत जवळ आला. शेंगांची ताटली त्याने बाजूला केली. टॅब पालथा न करता स्वतःकडे ओढला. अॅप उघडलं, आणि कितीतरी दिवसांनी माझ्यावर ते ओळखीचं बोट आलं. ते घाईत नव्हतं. नवीन चित्रांवरून ते सावकाश फिरलं, थांबलं, मागे आलं. मग त्याने आईच्या फोटोवर ते ठेवलं.

“आई.”

कौमुदीने मान वर केली.

“कुठं.”

आणि गालावर हात ठेवलेल्या त्या मुलावर.

“दुखून राहिलं.”

तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला. ती उत्तर देईना, तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि तिचं बोट पडद्याजवळ नेऊन ठेवलं.